ताईचं आमंत्रण, भावाचा व्हिसा

सांगलीतला भाऊ अमेरिकेत बहिणीकडे महिनाभर जायचं म्हणतो आणि तयारी सुरू होते ती न्यू जर्सीत. ताई आपल्या सिटिझनशिप सर्टिफिकेटची प्रत काढते. दाजी पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, घराचे कागद स्कॅन करतात. नोटरीचा शिक्का मारलेलं आमंत्रणपत्र कुरिअरने निघतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या खिडकीपाशी मात्र ही जाडजूड फाइल बहुतेक वेळा उघडलीही जात नाही. अधिकारी पडद्यावर अर्ज बघतो, मोजके प्रश्न विचारतो आणि दोन-तीन मिनिटांत निर्णय सांगतो. मग घरी फोन जातो, ‘अगं, कागद बघितलेच नाहीत त्यांनी!’

ते खरंच असतं आणि नियमाला धरूनही असतं. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं २१४(बी) कलम असं मानून चालतं की, पर्यटक व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच निघालाय. तसं नाही हे अधिकाऱ्याला पटवून देण्याचं ओझं अर्जदारावर असतं. बहीण कितीही सुस्थितीत असली, तरी तिच्या पगारावरून भाऊ परत जाईल की नाही हे कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्पष्ट सांगून ठेवलं आहे की पर्यटक व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी लागत नाही, आणि कुणी नेलीच तर निर्णय घेताना ती धरली जात नाही. ‘ताई सिटिझन आहे, म्हणजे व्हिसा मिळणारच’ हा सगळ्यात पसरलेला गैरसमज इथेच निकालात निघतो.

हा समज आला कुठून, याची कारणं आहेत. कॅनडाच्या अर्जासोबत यजमानाचं पत्र जोडलं जातं. जर्मनीत यजमान परदेशी नागरिकांसाठीच्या कार्यालयात जाऊन पाहुण्याच्या खर्चाची औपचारिक हमी देऊ शकतो. आणि अमेरिकेतही ग्रीन कार्डासाठी नातेवाइकाला बोलावताना आर्थिक हमीचा फॉर्म बहुतेकदा भरावाच लागतो. या सगळ्याची सरमिसळ होऊन ‘स्पॉन्सर लेटर’ नावाचा ताईत तयार झाला. प्रवासाचा खर्च ताई करणार असेल तर डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात तसं खरं लिहावं, त्यासाठी रकाना आहे. त्यापलीकडे ताईच्या कागदांचा उपयोग फार थोडा.

याच्या अगदी उलट टोकाचा सल्लाही घरोघरी मिळतो. ‘बहीण तिथे आहे हे बोलूच नकोस, नुसतं फिरायला चाललोय म्हण.’ हा सल्ला धोक्याचा आहे. डीएस-१६० मध्ये अमेरिकेत जवळचं कुणी नातेवाईक आहे का, असा सरळ प्रश्न असतो आणि त्यात भावंडं येतात. जाणूनबुजून खोटं लिहून व्हिसा मिळवू पाहिला, तर कायमची प्रवेशबंदी ओढवू शकते. बहीण तिथे असणं हा गुन्हा नाही. भेटायला जाणं हे बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसाच्या हेतूंपैकीच एक आहे.

आता एक नाजूक बाब, जी बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानातच नसते. अमेरिकन नागरिक असलेली, २१ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती आपल्या भावंडांसाठी स्थलांतराची याचिका दाखल करू शकते. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला हा हक्क नाही. या एफ-४ गटात भारतीयांची रांग एवढी लांब आहे की २०२५ मध्ये नंबर लागत होता तो २००६ साली दाखल झालेल्यांचा. आता समजा, ताईने सिटिझन झाल्या झाल्या उत्साहाने ही याचिका भरली, तेव्हा भाऊ कॉलेजात होता. पुढे दोघंही विसरले. भावाने पर्यटक व्हिसाचा अर्ज भरताना ‘तुमच्यासाठी कुणी कधी स्थलांतराची याचिका दाखल केली आहे का?’ यापुढे निःशंकपणे ‘नाही’ लिहिलं. सरकारच्या नोंदीत मात्र ‘हो’ आहे. तेव्हा अर्जाला हात लावण्याआधी भावाने ताईला हे एकदा विचारून घ्यावं.

याचिका असली की पर्यटक व्हिसा मिळतच नाही, हेही खरं नाही. कायद्यात तशी बंदी नाही. फक्त, कधीतरी कायमचं यायचा विचार आहे हे उघड झालेलं असतं, त्यामुळे या खेपेला महिनाभराने परतणार आहोत हे पटवणं जास्त जड जातं.

पटवायचं कशाच्या जोरावर? इथे गाडी लगेच बँकेवर येते. ‘खात्यात किती लाख दाखवावे लागतात?’ असा कुठलाही ठरलेला आकडा नाही. उसने आणून मुलाखतीच्या आधल्या आठवड्यात खात्यात भरलेले पाच लाख उलट संशय वाढवतात. सीएकडून करून घेतलेलं मालमत्तेचं मूल्यांकन लोक हौसेने नेतात. नेण्यात काही चूक नाही, पण पाहिलं जातं ते माणसाचं इथलं आयुष्य: नोकरी किंवा धंदा, घरातली माणसं, जबाबदाऱ्या, आणि या सगळ्यात बसणारा प्रवासाचा बेत. शेतकरी कुटुंबांना वाटतं, आपण इन्कम टॅक्स रिटर्न भरत नाही म्हणजे आपलं काही खरं नाही. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे केंद्रीय आयकरातून मुक्त आहे, तेव्हा रिटर्न नसणं किंवा त्यात छोटा आकडा असणं स्वाभाविक आहे. सातबारा जवळ असावा, पण त्याहून जास्त उपयोग साध्या, नेमक्या बोलण्याचा. तासगावकडचा बागायतदार म्हणाला की, ‘पाच एकर द्राक्षबाग आहे, जुलैत जातो, ऑक्टोबरच्या छाटणीआधी मला परत यायलाच लागतं,’ तर त्यात परतीचं कारण आपोआप आलं. तोच माणूस ऐन काढणीच्या फेब्रुवारीत तीन महिने जातो म्हणाला, तर बाग कोण बघणार हा प्रश्न कुणालाही पडेल. सहलीच्या तारखा ताईच्या मुलांच्या सुट्टीवरून ठरतात, इथेच पुष्कळदा बिघडतं. त्या भावाच्या कामावरून ठराव्यात.

ताईने अर्ज भरून दिला तर चालतो का? चालतो. फॉर्म इंग्रजीत आहे, मधेच लॉगआउट होतो, म्हणून सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक टिपून ठेवावा लागतो. अशा कामात मदत घेणं साहजिक आहे. मदत कुणी केली, हेही अर्जात विचारतात. तेही खरं लिहायचं. शेवटची ‘सही करून सादर करा’ ही कळ मात्र अर्जदाराने स्वतः दाबायची, कारण उत्तरांची जबाबदारी त्याची. खरी अडचण निराळीच असते. ताई अर्ज आठवणीतून भरते, आणि तिच्या आठवणीतला भाऊ पंधरा वर्षांपूर्वीचा असतो. त्याने मधल्या काळात नोकरी बदललेली असते, एकदा दुबईला जाऊन आलेला असतो, तिच्या माहितीतला पत्ता जुन्या वाड्याचा असतो. मग खिडकीपाशी भाऊ एक सांगतो आणि पडद्यावर दुसरंच दिसतं. व्हिडिओ कॉल लावून एकेक उत्तर त्याच्याकडूनच घेतलं, तर हे टळतं. गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खाती अर्जात द्यावी लागतात, ती तर त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ नावांचा. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात ते जसंच्या तसं उतरवायचं, स्वतःच्या मनाने तोडायचं नाही. जाणारी बहीण असेल तर आणखी एक पेच. माहेरचं आडनाव वेगळं, आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, पासपोर्टवर दुसरं. यात लपवण्यासारखं काही नाही. पूर्वी वापरलेली नावं विचारणारा प्रश्न आहेच, तिथे ती सगळी द्यावीत. फोटोत चष्मा चालत नाही, हा १ नोव्हेंबर २०१६ पासूनचा नियम आहे, तरी स्टुडिओवाले अजून चष्म्यासकट फोटो काढून देतात.

मुलाखतीसाठी फाडफाड इंग्रजी यायला हवं, हाही एक गैरसमज. मुंबईत मराठीत बोलायची सोय असते. ताईने व्हॉट्सॲपवर पाठवलेली इंग्रजी उत्तरं घोकून म्हणून दाखवणारा भाऊ, मराठीत शांतपणे बोलणाऱ्या भावापेक्षा जास्त गोंधळलेला दिसतो.

मुलाखतीच्या तारखांबद्दल दोन गोष्टी. घरचं लग्न, पदवीदान किंवा बहिणीचं बाळंतपण ही तातडीची तारीख मागण्याची कारणं मानली जात नाहीत, असं अधिकृत सूचनांमध्येच लिहिलं आहे. तेव्हा अर्ज वेळेत करणं आलं. आणि ‘एजंटकडे लवकरची तारीख असते’ यावर विसंबू नये. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने बॉट लावून अडवलेल्या सुमारे २००० तारखा रद्द केल्या होत्या. अर्जाची फी जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे, व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. विमानाचं तिकीट आधी काढल्याने अर्जाला वजन येतं असं सांगणारे भेटतील. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका, हाच सरकारी सल्ला आहे.

नकार आला तर? ‘आता पाच वर्षं अर्ज करता येत नाही’ हे कुणीतरी सांगतंच. २१४(बी) खालच्या नकारावर अपील नाही, पण थांबण्याची सक्तीही नाही. नवी फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. भावाच्या परिस्थितीत काहीच बदललं नसेल, तर उत्तरही बदलण्याची शक्यता कमी. ताईने आपल्या खासदाराच्या कार्यालयाकडून, म्हणजे तिथल्या काँग्रेसमनकडून, पत्र धाडलं तरी निर्णय त्या अधिकाऱ्याचाच राहतो. पुढच्या अर्जात आधीचा नकार लिहावाच लागतो.

व्हिसा मिळाला की पासपोर्टवर बहुधा दहा वर्षांची मुदत दिसते आणि शेवटचा गैरसमज तिथे जन्म घेतो. ती मुदत अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची आहे. आत किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि त्याची तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत पडते. बी-२ वर सहसा सहा महिने मिळतात. या काळात घरात भाचराला सांभाळणं, स्वयंपाकात हात लावणं ही घरच्या माणसाची मदत झाली. ओळखीच्याच्या दुकानात काउंटरवर बसून पैसे घेणं म्हणजे नोकरी, आणि ती या व्हिसावर चालत नाही. ताईचा आग्रह असतो, ‘आलायस तर गणपती करूनच जा.’ गणपती आय-९४ च्या तारखेआधी येत असतील तर आनंदच आहे. नसतील तर मुदतवाढीचा अर्ज ती तारीख उलटण्यापूर्वी भरावा लागतो. तो न भरता त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परतलं तर तीन वर्षांची प्रवेशबंदी, वर्ष किंवा अधिक राहिलं तर दहा वर्षांची. एक दिवस जरी जास्त राहिलं, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि सहसा पुढचा अर्ज मायदेशातूनच, नव्याने करावा लागतो.