डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

शिकागोच्या पोरांनी ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत जन्माला घातलं त्याच्या पाच वर्षं आधीच मुंबईतल्या एका वादकाने ते करून ठेवलं होतं, असा दावा अधूनमधून डोकं वर काढतो. आपली छाती फुगवायला तो सोयीचा आहे. चरणजित सिंग यांचं काम मात्र या दाव्याहून पुष्कळ रंजक आहे.

सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले स्टुडिओ-वादक. गिटार, बेस, हवाइयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन आणि पुढे सिंथेसायझर, असं जे हाती येईल ते वाजवणारे. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीला जो घोंघावणारा सूर गाण्याची हवा तयार करतो, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर आणि अशा बहुढंगी वादकांच्या जिवावर मुंबईचे स्टुडिओ चालत. तबकडीवर नाव मात्र संगीतकाराचं आणि गायकाचं. संगीतकार गुणगुणेल ते ऐकायचं, त्यातून आपला तुकडा बसवायचा आणि घरी जायचं. या धंद्यात टिकायचं तर बाजारात आलेलं नवं वाद्य सर्वांत आधी आपल्याकडे असलं पाहिजे. सिंग यांना नव्या यंत्रांची हौस होती ती अशी पोटापाण्याशी जोडलेली.

1980 साली ‘कुर्बानी’ आला आणि पुढची दोन-तीन वर्षं हिंदी सिनेमा डिस्कोमय झाला. याच काळात सिंग यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे ठेका देणारं यंत्र आणि टीबी-303 ही बेसची चिमुकली पेटी. सगळीकडे डिस्कोच वाजतोय, तर तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग का वाजवू नयेत, एवढा साधा विचार त्यांनी केला. 1982 मध्ये एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रण झालं. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा. तबकडीचं नावही सरळसोट: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

303 जरा जवळून पाहण्यासारखी आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ती बनवलेली. पियानोच्या पट्ट्यांसारखी दिसणारी बारीक बटणं आणि वर थोड्या घुंड्या. आधी सूर भरायचे, मग तेच सूर कोणत्या घरात पडणार ते वेगळं भरायचं. सगळी मिळून घरं सोळा. काम इतकं किचकट की भलेभले वैतागायचे. पण तिच्यात ‘स्लाइड’ नावाची सोय आहे. ती दिली की एक सूर न तुटता पुढच्या सुरात घसरत जातो. शिवाय फिल्टरची घुंडी पिळली की तोच सूर आधी दबका आणि मग चिरका होत जातो. खऱ्या बेससारखा आवाज तिला कधीच काढता आला नाही. 1984 च्या सुमारास रोलँडने तिचं उत्पादन थांबवलं.

रागाच्या शिस्तीत वाढलेल्या हाताला मात्र या पेटीत आयती सोय दिसली असणार. सोळा घरं आणि त्यांचे चार-चारचे गट, हा आपल्या त्रितालाचाच आराखडा. स्लाइड म्हणजे मींड नव्हे, पण मींडेची चाहूल तरी आहे. आणि मुख्य म्हणजे वर्ज्य स्वर. डिस्कोचा बेस एरवी षड्ज-पंचमावर झुलतो. मालकंसात नि ललतात पंचमच वर्ज्य. राग पाळायचा तर बेसला तो नेहमीचा आधार सोडावा लागतो. ललतात तर दोन मध्यम एकमेकांना खेटून येतात. पाश्चात्त्य कानाला या रेषा विचित्र वाटतात याचं बरंचसं कारण इथे आहे.

काही गोष्टी हातून निसटल्याही. भैरवातल्या कोमल ऋषभाचं आंदोलन या यंत्राच्या ठरीव बारा सुरांत सापडत नाही. डिस्कोच्या ठेक्याला तालातली ‘खाली’ नाही, प्रत्येक ठोका भरीचाच. त्यामुळे खालीनंतर समेकडे येण्याची ती ओढ इथे लागत नाही. एखाद्या खाँसाहेबांनी याला राग म्हणायला साफ नकार दिला तर त्यांना चूक म्हणता येणार नाही. पण वरची सुरावट सिंग हाताने वाजवतात आणि तिथे रागाची चाल ओळखू येते. खाली यंत्र तेच ते घोळवतं, वर माणूस फिरत राहतो. तंबोऱ्याचं काम 303 ने घेतलं, असं मला तबकडी ऐकताना वाटत राहतं.

बाजारात तबकडी पडली. शुद्धतावाद्यांसाठी ती फारच डिस्को होती आणि डिस्कोवाल्यांसाठी फारच राग. इकडे 303 सेकंडहँड बाजारात स्वस्त झाली आणि शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाच्या हाती लागली. ती वाजत असतानाच घुंड्या पिळत राहण्याची युक्ती त्यांना सापडली आणि 1987 मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ बाहेर आलं. मुंबईची तबकडी त्यांच्या कानावर पडल्याचा काहीही पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन शहरांना आपापलं संगीत सापडलं, इतकंच. शोधाचा मान शिकागोकडे राहू द्यावा. अ‍ॅसिड हाउस म्हणजे नुसता आवाज नाही, त्यामागे तिथले क्लब आणि तिथे नाचणारी माणसं आहेत. सिंग यांच्या मागे होती ती स्टुडिओची शिस्त.

2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही तबकडी सापडली. 2010 मध्ये ती ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलने पुन्हा काढली आणि सत्तरीत आलेले सिंग युरोपात तरुणांसमोर हेच राग वाजवू लागले. 2015 च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

तबकडी आज सहज ऐकायला मिळते. सुरुवात भूपाळीने करू नका, तो फार गोड वाटेल. आधी ललत लावा, हेडफोन घालून, आणि पहिल्यांदा फक्त खालचा बेस ऐका.