फ्रेझर नदीतला सॅल्मनचा हंगाम

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधून वाहणाऱ्या फ्रेझर नदीत सॉकआय सॅल्मन उन्हाळ्यापासून टप्प्याटप्प्याने चढू लागतो. समुद्रातला चंदेरी मासा विणीच्या जागी पोहोचेपर्यंत लालभडक होतो, डोकं तेवढं हिरवट राहतं. नदीत शिरल्यावर तो काही खात नाही. अंगच्या चरबीवर शेकडो किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहतो, वीण उरकतो आणि मरतो.

बहुतेक मासे चौथ्या वर्षी परततात. म्हणून अ‍ॅडम्स उपनदीकडे जाणाऱ्या झुंडी दर चार वर्षांनी मोठ्या असतात: २०१०, २०१४, २०१८. तरीही अंदाज साफ कोसळतो. २००९ मध्ये आख्ख्या फ्रेझरचे मिळून पंधरा लाखांच्या आसपासच सॉकआय परतले आणि पुढच्याच वर्षी जवळपास तीन कोटी!

त्यामुळे किती मासे धरायचे, हे हंगाम चालू असतानाच ठरतं. चाचणीची जाळी टाकतात, मिशन गावाजवळ ध्वनिलहरींच्या सोनार यंत्राने वर जाणारे मासे मोजतात आणि मगच ठरावीक काळापुरती मासेमारी खुली होते. विणीपुरते मासे आधी राखायचे, मग आदिवासी समाजांचा पोटापुरता आणि विधींपुरता वाटा, व्यापारी जाळी त्यानंतर. हा क्रम मला अगदी रास्त वाटतो. पाणी फार तापलं तर मासे वाटेतच दगावतात. अशा वर्षी ती तूटही हिशेबात धरावी लागते.