फिरंगोजी फिरंगी नव्हते

1660 साली शाइस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच किल्ला पडला. खानाने चाकरी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. एवढं ऐकून झाल्यावर एक शंका हमखास निघते: असा माणूस आणि नाव फिरंगोजी? मग पूर्वज कुणी युरोपातले गोलंदाज वगैरे असणार!

या तर्काला आधार नाही. भवानीनगरहून बारामतीमार्गे दौंडच्या बाजूला निघालात तर सोलापूर रस्त्यावर कुरकुंभ लागतं. आता ते एमआयडीसीमुळे ओळखलं जातं, पण आपल्या भागातल्या कितीतरी घरांची कुलदेवता, फिरंगाई, तिथलीच. देवीचं नाव मुलाला द्यायची आपली रीत जुनी आहे. शिवाईवरून शिवाजी, तुकाईवरून तुकोजी, तसा फिरंगाईवरून फिरंगोजी. नरसाळ्यांच्या घरातल्या बारशाची नोंद कुणी दाखवू शकत नाही, पण नावाची घडण याच बाजूला बोट दाखवते. कुठल्या गोऱ्या पूर्वजाची तिला गरज नाही.

‘फिरंग’ म्हटलं की माणूसच, हेही खरं नाही. मराठ्यांच्या हत्यारांत फिरंग नावाची तलवार होती. पातं लांब, सरळ, युरोपातून आलेलं. मूठ मात्र आपल्याकडच्या लोहाराची. ही पाती कोकण-गोव्याच्या बंदरांतून वर घाटावर यायची.

तसंच ‘फिरंगी म्हणजे पोर्तुगीज’ हे समीकरण. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, त्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द अरबी-फारसीत रुळला होता. धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातून आलेल्या सगळ्यांनाच अरब ‘इफरंज’ म्हणत. फारसीत त्याचं ‘फरंग’ झालं. मूळ नाव फ्रँक या जर्मानिक टोळीचं, जिच्यावरून फ्रान्स हा देशही ओळखला जातो.

फ्रान्समधलं फ्रान्स्वा हे पुरुषाचं नाव याच मुळाचं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सरळ ‘फ्रेंच माणूस’. हे नाव जगभर नेलं ते मात्र एका इटालियनाने. असिसीच्या संत फ्रान्सिसचं बाप्तिस्म्याचं नाव जोवान्नी होतं. कापडाचा व्यापारी असलेला बाप फ्रान्सहून परतला आणि मुलाला फ्रान्चेस्को म्हणू लागला, असं सांगतात. संत 1226 मध्ये वारले. त्यांच्या कीर्तीमुळे घरोघरी तेच नाव. आपल्याकडे 1542 साली ते गोव्यात उतरलं फ्रान्सिस झेवियरच्या रूपाने. त्यांना फ्रेंच समजणारे पुष्कळ आहेत. ते पॅरिसला शिकले खरे, पण जन्मले नव्हार राज्यात, आजच्या स्पेनमध्ये.

नावांच्या पुस्तकांत फ्रँकपुढे ‘स्वतंत्र’ असा अर्थ छापतात. तो नंतरचा. फ्रँक लोकांनी गॉल जिंकला, तिथे पूर्ण मोकळीक त्यांनाच उरली, म्हणून टोळीचं नाव स्वातंत्र्याचं विशेषण झालं. टोळीचं नाव मुळात एका भाल्यावरून पडलं असावं, असा बऱ्याच भाषाभ्यासकांचा कयास आहे. तो बरोबर असेल तर गंमतच: हत्यारावरून निघालेलं नाव अर्धं जग हिंडून दख्खनमध्ये पुन्हा हत्याराला चिकटलं.

आणि एक गैरसमज अलीकडचा: फ्रान्सिस नावाचा माणूस मराठी कसा असेल? 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर झाली तेव्हा काहींनी विरोध केला, कारण ते ख्रिस्ती धर्मगुरू. कुणाला नावही परकं वाटलं असेल. पण दिब्रिटो अनेक वर्षं ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक चालवत होते. बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं, ‘सुबोध बायबल’ या नावाने, आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.