तळहातावरील रेषा आणि मनुष्यस्वभाव

बंगळूरच्या उत्तरेस, बल्लारी रस्त्यावर, हेब्बाळ नावाचे एक ठिकाण आहे. एके काळी हे तळ्याकाठचे खेडे होते. आज ते शहरात पूर्णपणे सामावून गेले असून विमानतळाकडे जाणारी वाहने तेथील उड्डाणपुलावरून रात्रंदिवस धावत असतात. या हेब्बाळात २०१८ साली एक वीरगळ उजेडात आला. गंग घराण्यातील श्रीपुरुष राजाच्या कारकिर्दीत, इ. स. ७५० च्या सुमारास, कित्तय्य नावाचा एक वीर लढताना धारातीर्थी पडला व त्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारण्यात आला, असे त्यावरील कन्नड लेखावरून समजते. पावणेतेराशे वर्षांपूर्वी कोरलेल्या काही ओळी, आणि त्यांवरून एका माणसाचे नाव, त्याचा राजा व त्याचा मृत्यू ही सर्व आज आपणांस कळतात. रेषांमध्ये केवढे सामर्थ्य असू शकते!

परंतु हे सामर्थ्य कोठून आले, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्या रेषा कोणीतरी हेतुपूर्वक कोरल्या. कोरणाऱ्याची व वाचणाऱ्याची लिपी एक होती. आणि एका संशोधकाने लावलेले वाचन दुसऱ्यास स्वतंत्रपणे पडताळून पाहता येते. एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले तर दुसरा अभ्यासक ते दाखवून देतो. वाचन या शब्दाला अर्थ येतो तो या तीन गोष्टींमुळे. याच बंगळूर शहरात, तसेच पुण्यात, मुंबईत व कोल्हापुरात, तळहातावरील रेषा वाचून मनुष्याचा स्वभाव, बुद्धी व भवितव्य सांगणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या वाचनाला हीच कसोटी लावून पाहणे योग्य होईल.

हस्तसामुद्रिकाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त स्त्रीपुरुषांच्या शरीरलक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून हिंडणारे कुडमुडे जोशी भविष्य सांगून पोट भरीत आले. मराठी भाषेने मात्र या विद्येचा परिणाम ‘हात दाखवून अवलक्षण’ या चार शब्दांच्या आतच सांगून टाकला आहे! आधुनिक काळात या विद्येला जगभर प्रसिद्धी मिळवून देणारा कीरो हाही कोकणचे नाव सांगत असे. त्याचे खरे नाव विल्यम जॉन वॉर्नर. जन्म १८६६ चा, आयर्लंडमधील. तरुणपणी आपण मुंबईस आलो, एका ब्राह्मण गुरूने आपणांस कोकणातील आपल्या गावी नेले आणि तेथे मानवी कातड्यावर लिहिलेला हस्तरेषांचा प्राचीन ग्रंथ आपण अभ्यासला, असे तो सांगे. या कथेला कीरोखेरीज साक्षीदार नाही. त्याच्या ग्रंथांची भाषांतरे मात्र भारतीय भाषांतून अजूनही खपतात.

आता प्रत्यक्ष हाताकडे वळू. तळहातावर दोन भिन्न प्रकारच्या रेषा असतात व सर्वसामान्य बोलण्यात त्यांचा घोटाळा होतो. पहिल्या प्रकारात ठळक घड्या येतात. ज्योतिषी ज्यांना आयुष्यरेषा, मस्तकरेषा व हृदयरेषा म्हणतात त्या ह्याच. दुसऱ्या प्रकारात शेतातील सऱ्या-वरंब्यांप्रमाणे एकमेकींस लागून जाणारे त्वचेचे अतिशय बारीक कंगोरे येतात. बोटांच्या टोकांवरील शंख, चक्र, शिंपले ही त्यांचीच चित्रे होत. घामाची सूक्ष्म छिद्रे या कंगोऱ्यांच्या माथ्यावर उघडतात.

घड्यांचे कार्य पाहावयास कोणतेही यंत्र लागत नाही. अंगठा तळहातावर आडवा आणावा, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा ज्या रेषेवर दुमडतो ती ‘आयुष्यरेषा’ होय. मग चारही बोटे मिटावीत; त्वचा ज्या दोन आडव्या रेषांवर दुमडते त्या ‘मस्तकरेषा’ व ‘हृदयरेषा’ होत. या ठिकाणी त्वचा आतील कठीण पडद्याशी घट्ट बांधलेली असते, त्यामुळे मूठ वळताना ती अस्ताव्यस्त गोळा न होता ठरावीक जागीच मुडपते. दाराला बिजागरी असावी तसा हा प्रकार आहे. या घड्या गर्भाच्या सुमारे सातव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान उमटतात. त्या वेळी हाताची लांबी काही मिलिमीटरच असते. पुढे आयुष्यात येणारे विवाह, विद्या, व्यापार किंवा वियोग यांची चाहूल त्या इवल्या हाताला लागण्याचा कोणताही मार्ग ज्ञात नाही.

बारीक कंगोऱ्यांची हकीकत याहून मनोरंजक आहे. गर्भाच्या बोटांच्या टोकांवर प्रथम छोट्या गाद्यांसारखे उंचवटे येतात व नंतर ते ओसरू लागतात. साधारणपणे दहाव्या आठवड्यानंतर कंगोरे तयार होऊ लागतात, तेव्हा उंचवटा अजून फुगीर असेल तर चक्र बनण्याकडे कल असतो. तो बसका असेल तर साधी कमान उमटते. २०२३ साली एडिंबरो येथील संशोधकांनी दाखविले की, त्वचेतील काही रासायनिक संकेत कंगोऱ्यांच्या वाढीला चालना देतात तर काही तिला आवर घालतात, आणि या ओढाताणीतून कंगोऱ्यांच्या लाटा बोटावर पसरत जातात. अशा ओढाताणीतून नक्षी निर्माण होऊ शकते, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग याने १९५२ सालीच मांडले होते. झेब्र्याच्या पट्ट्यांसारख्या नक्षीचे स्पष्टीकरणही याच विचाराने देण्यात येते. या लाटा कोठे सुरू होतात व कोठे एकमेकींस भिडतात यात लहानसहान फरक पडत असल्यामुळे, एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्या भावांचे ठसेही तंतोतंत सारखे नसतात. म्हणजे या रेषा काहीच सांगत नाहीत असे नव्हे. गर्भावस्थेतील काही आठवड्यांचा वृत्तान्त त्या सांगतात, आणि मनुष्य कोण आहे हे सांगतात. तो कसा आहे, हा प्रश्न वेगळा.

कोण आहे हे सांगण्याचा उपयोग प्रथम भारतातच व्यवस्थितपणे करण्यात आला, ही गोष्ट आपल्या वाचकांस अभिमानाची वाटेल. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अंमलदाराने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार केला. पुढे सही नाकारली जाऊ नये म्हणून त्याने ठेकेदाराच्या संपूर्ण तळहाताचा ठसा कागदाच्या पाठीवर घेतला. त्यात प्रारंभी धाक घालण्याचाच हेतू अधिक होता. परंतु नंतर हर्शेलने स्वतःचे ठसे पन्नासांहून अधिक वर्षे वेळोवेळी घेऊन ते बदलत नाहीत हे दाखविले. १८९७ साली कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी स्थापन झाली, आणि ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी मोठ्या कौशल्याने तडीस नेले. त्या पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ हेन्री यांचे मिळाले.

स्वभावाचा प्रश्नही दुर्लक्षित राहिला नाही. फ्रान्सिस गाल्टन याचा ठशांवरील ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध झाला. ठशांवरून मनुष्याचा वंश व स्वभाव ओळखता येईल अशी गाल्टनला मोठी आशा होती. त्याने कलेचे विद्यार्थी, शास्त्राचे विद्यार्थी, शेतमजूर व मतिमंद व्यक्ती यांचे ठसे जमवून तुलना केली. फरक सापडला नाही, आणि आपली अपेक्षा फोल ठरल्याचे त्याने ग्रंथात मोकळेपणाने नमूद केले. ज्याला उत्तर ‘होय’ असे हवे होते त्याच्याच हातून ‘नाही’ हे उत्तर आले, म्हणून त्याचे मोल विशेष.

असे असता आज अनेक शहरांत लहान मुलांच्या दहा बोटांचे ठसे यंत्राने घेऊन त्यांवरून मुलाची बुद्धी कोणत्या प्रकारची आहे, त्याने शास्त्रशाखा घ्यावी की वाणिज्यशाखा, हे सांगणारे छापील अहवाल विकले जातात. दहा बोटे मेंदूच्या दहा भागांशी जोडलेली आहेत असे त्यांत गृहीत धरलेले असते. यासाठी हॉवर्ड गार्डनर याने १९८३ साली मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तांच्या कल्पनेचा आधार सांगण्यात येतो. त्या कल्पनेत बोटांच्या ठशांचा काडीमात्र संबंध नाही. संगणकाने छापलेला रंगीत अहवाल कुडमुड्या जोश्याच्या बोलांपेक्षा अधिक शास्त्रीय दिसतो एवढेच. चित्रकलेची आवड असलेल्या मुलीस केवळ तिच्या अनामिकेवर चक्र नाही म्हणून रंगपेटी नाकारली जावी, हे नुकसान लहान म्हणता येणार नाही.

वैद्यकशास्त्रात हाताच्या रेषेला स्थान आहे काय? आहे, पण मर्यादित. काही हातांवर दोन आडव्या घड्यांऐवजी एकच सलग घडी आढळते. डाऊन संलक्षण असलेल्या सुमारे निम्म्या मुलांत ती दिसते. या अवस्थेत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोहोंऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली स्पष्ट झाले. परंतु हीच घडी शंभरांतील काही सर्वस्वी निरोगी माणसांच्या हातांवरही असते, आणि त्यांची एकूण संख्या त्या मुलांहून कितीतरी अधिक भरते. म्हणून डॉक्टर ती पाहून निदान करीत नाहीत. इतर लक्षणे जुळली तर गुणसूत्रांची तपासणी करतात. घडी पाहून बाळाच्या आईस घाबरविणाऱ्या शेजारणींनी हा हिशेब ध्यानी घ्यावा.

आयुष्यरेषेची गोष्ट तर गमतीची आहे. १९९० साली इंग्लंडमधील काही डॉक्टरांनी शंभर मृतदेहांच्या हातांवरील ही रेषा मोजली, आणि मृत्यूच्या वेळचे वय व रेषेची लांबी यांच्यात संबंध असल्याचे त्यांना आढळले! हस्तसामुद्रिक खरे ठरले, असे वाटण्याचा मोह कोणासही होईल. पण येथे एक अडचण आहे. रेषा मोजली ती मरणोत्तर. वयाबरोबर कातडी सुरकुतते आणि घड्या खोल व लांब होतात. तेव्हा म्हाताऱ्याच्या हातावर लांब रेषा असणे हा दीर्घायुष्याचा परिणाम असू शकेल, त्याची पूर्वसूचना नव्हे. रेषा बालपणी मोजून पुढे सत्तर-ऐंशी वर्षे वाट पाहिल्यावाचून हा प्रश्न सुटणार नाही.

मग हात पाहणाऱ्याचे सांगणे इतके पटते का? १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली व प्रत्येकास त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते यास पाचांपैकी गुण द्यावयाचे होते. सरासरी ४.२६ आली. वास्तविक सर्वांना एकच मजकूर देण्यात आला होता आणि त्यातील बराचसा भाग बाजारी ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण मनात काळजी करता’ हे वाक्य कोणास लागू पडणार नाही?

याहूनही बोलका अनुभव रे हायमन याचा आहे. पुढे मानसशास्त्राचा प्राध्यापक झालेला हा गृहस्थ विद्यार्थिदशेत हात पाहून पैसे मिळवीत असे, आणि लोक त्याच्या सांगण्याला इतके मानीत की त्याचाही या विद्येवर विश्वास बसला होता. एका अनुभवी मित्राच्या सूचनेवरून त्याने एकदा रेषांवरून जे निघत होते त्याच्या बरोबर उलट सांगावयास आरंभ केला. ऐकणाऱ्यांचे समाधान तितकेच राहिले! रेषा उलट्या वाचल्या तरी वाचन तितकेच ‘खरे’ ठरत असेल, तर ते वाचन रेषांचे नव्हतेच. हाताला पडलेले घट्टे, कापलेली किंवा रंगविलेली नखे, अंगठीचा वळ, प्रश्न ऐकताच चेहऱ्यावर उमटलेली रेघ, यांवरून चतुर माणसास बरेच काही कळते. उरलेले समोरचा मनुष्य आपण होऊन पुरवितो.

महाराष्ट्रात २००८ साली झालेली एक परीक्षा येथे मार्गदर्शक ठरते. ती जन्मकुंडल्यांची होती, हस्तरेषांची नव्हे. पण पद्धत दोहींना सारखीच लागू पडते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून कोणती कोणत्या गटातील ते सांगितले. सरासरी यश शेकडा ४६ आले. नाणे उडवूनही शेकडा पन्नास मिळाले असते. ‘करंट सायन्स’च्या ज्या अंकात, २००९ साली, हा वृत्तान्त छापला गेला ते नियतकालिक बंगळूरचेच, हेब्बाळहून शहराकडे येणाऱ्या वाटेवरील सदाशिवनगरातून निघणारे.

अशी परीक्षा कोणत्याही शाळेत किंवा वाचनालयात घेता येईल. तीस प्रौढ व्यक्तींच्या तळहातांचे ठसे शिक्क्याच्या शाईने कागदावर घ्यावेत. त्यांवर नाव न घालता क्रमांक घालावा. हात पाहणाऱ्याने त्या व्यक्तींना न भेटता, केवळ ठशांवरून, प्रत्येकाचे स्वभाववर्णन लिहावे. सर्व वर्णने एकाच हस्ताक्षरात उतरवून प्रत्येक व्यक्तीस दोन द्यावीत, एक तिचे व एक दुसऱ्या कोणाचे, आणि आपले कोणते ते ओळखण्यास सांगावे. केवळ योगायोगानेही सुमारे पंधराजण बरोबर ओळखतील. वीस किंवा अधिक बरोबर आले, तर असे निव्वळ योगायोगाने घडण्याचा संभव शंभरात पाच एवढाच असल्यामुळे, परीक्षा नव्या तीस हातांवर पुन्हा घ्यावी. व्यक्तीचे वय, व्यवसाय किंवा स्त्री-पुरुष भेद उघड करणारी वाक्ये वर्णनातून आधीच काढून टाकावयास विसरू नये; ठशाच्या आकारावरून तेवढे कोणासही ओळखता येते.