तुंबडी, पेटी आणि गारा

विहिरीत पोहायला शिकताना आमच्या पाठीला वाळका भोपळा, म्हणजे तुंबडी, बांधत. पोहणं जमलं की तो गोठ्यातल्या खुंटीवर जाई आणि पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या भावंडाच्या पाठीवर येई. असल्याच भोपळ्याला भोक पाडून, उंच काठीला टांगून कुणी पाखरांना घर करून देतं, असं तेव्हा सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. अमेरिकेतले चोक्टॉ आणि चिकासॉ हे मूळनिवासी लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांचं पाखरू म्हणजे पर्पल मार्टिन, आपल्या भिंगरीची थोराड चुलतबहीण. लांबी वीतभर. नराचा रंग लोखंडाच्या धंद्यातल्या जालनेकरांना चटकन कळेल: तापून निळं-जांभळं पडलेलं लोखंड, तसा.

गंमत अशी की तुंबड्यांची ही सवय पाखराच्या अंगवळणी पडली. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडे ही जात आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांतच पिल्लं काढते. त्यामुळे घर कसं असावं याचं तिकडे शास्त्रच झालं आहे. खांब 10 ते 15 फुटांचा, झाडं निदान 40 फूट लांब, माणसाचं घर मात्र हाकेच्या अंतरावर. आणि जवळ तळं किंवा नदी असली तर उत्तम, कारण पाण्यावर उडणारे किडे हा तिचा चारा. इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिल गावात जे. एल. वेड नावाच्या उद्योजकाने 1960च्या दशकात ॲल्युमिनियमची बहुमजली घरं विकायला काढली. एक मार्टिन दिवसाला 2,000 डास फस्त करते, ही त्याची जाहिरात. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर ती खाते चतुर, भुंगे, उडत्या मुंग्या. डास अगदी किरकोळ. पण तोवर घरं खपली होती.

या पाखराचा पल्लाही जबर. पक्षी-अभ्यासक ब्रिजेट स्टचबरी यांनी 2007 मध्ये मार्टिनच्या पाठीवर इवलीशी नोंदयंत्रं बसवली. त्यातली एक मादी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून पेनसिल्वेनियाला अवघ्या 13 दिवसांत परतली. पायाला भिंगरी म्हणतात ती ही.

या घरांचा तिकडचा मोठा शत्रू कोण? आपली चिमणी. 1850च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये तिला आणून सोडलं आणि तिने मार्टिनच्या खोल्या बळकावल्या. साळुंकीच्या कुळातलं स्टारलिंग 1890मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलं, तेही याच वाटेने गेलं. त्याला आत शिरता येऊ नये म्हणून तिकडे दार अर्धचंद्राच्या आकाराचं कापतात. आणि आपण? नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 20 मार्च 2010 ला पहिला चिमणी दिवस साजरा झाला, तेव्हापासून शाळाशाळांत चिमण्यांसाठी लाकडी पेट्या टांगतो. तिथे घुसखोर, इथे लाडकी लेक. मला यात चूक काही दिसत नाही, फक्त हसू येतं.

जालन्यात पेटी टांगण्याची हौस भिंगरीपर्यंत आली, तिथे मात्र गाडी अडते. मार्टिनला आयती पोकळी लागते. आपल्या भिंगऱ्या गवंडी आहेत. तारवाली भिंगरी पुलाखाली, मोरीत, पाण्याच्या वरच मातीची वाटी चिकटवते. तिची टोपी तांबूस, पोट पांढरंशुभ्र, शेपटीला दोन लांब तारा. लालबुडी भिंगरी आडव्या सुरईसारखं, नळीचं दार असलेलं घरटं करते. गळ्यावर रेघा असलेली छोटी भिंगरी तर वस्तीच वसवते. पुलाच्या पोटाला तिची घरटी एकमेकांना चिकटून मोहोळासारखी लोंबतात. या तिघींनाही लाकडी खोका नको. त्यांना हवा गारा, म्हणजे चिखल, तोही नेमक्या ओलीचा. फार पातळ झाला तर गोळी टिकत नाही, सुकला तर चिकटत नाही. चोचीत मावेल एवढी एकेक गोळी, अशा शेकडो फेऱ्या.

आता या चिखलाच्या हिशोबाने जालना जिल्हा पाहा. पाऊस वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कुंडलिका, दुधना उन्हाळ्यात वाळूच्या रेघा. निजामाच्या काळात झालेला घाणेवाडीचा तलाव शहराला पाणी देत आला, पण गाळाने भरत गेला. 2012-13च्या दुष्काळाच्या आगेमागे लोकांनी वर्गणी काढून तो गाळ उपसला आणि शेतांत टाकला. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामं आणि शेकडो शेततळी यांच्या जोरावर द्राक्षं जगवली. हे सगळं योग्यच. पण भिंगरीच्या डोळ्यांनी शेततळं बघा: काठापर्यंत गुळगुळीत काळा प्लास्टिकचा कागद. पाणी आहे, पाण्यावर किडे आहेत, गारा नाही. जुन्या पाझर तलावाच्या काठाला उतार असतो, तिथे पाणी हटतं तशी ओल्या मातीची नवी पट्टी उघडी पडते. कागदाच्या तळ्याला काठ असतो, किनारा नसतो.

गेल्या मार्चमध्ये दुधनेच्या खोऱ्यातल्या एका फरशी पुलावर थांबलो होतो. नदी कोरडी, पण मोरीत तारवालीची अर्धी वाटी दिसली. माती कुठून आणते म्हणून पाठलाग केला, तर रस्त्याकडेच्या जलवाहिनीचा वॉल्व गळत होता. तिथे ताटाएवढा चिखल. नर-मादी उतरत, पंख वर धरून दोन पावलं टाकत, चोच खुपसून मान किंचित हलवत आणि निघून जात. घड्याळ लावलं: दहा मिनिटांत अकरा फेऱ्या. आठवड्याने गेलो तेव्हा वॉल्व दुरुस्त झाला होता. टँकरच्या गावात गळती थांबली याचं वाईट वाटून घ्यायची सोय नाही. वाटी तशीच अर्धी.

शेजारच्या वस्तीवर पाणी प्यायला गेलो आणि हे सांगितलं. गाडीत चिमणीची एक पेटी होती, तीही दाखवली. पुलाखाली लावावी का, असं विचारलं. तिथल्या मावशींनी पेटी हातात घेऊन उलटीपालटी केली.

“भाऊ, ही चिमणीला द्या. भिंगरीला गारा पायजे, खोकं काय करायचं?”

जनावरांच्या हौदाशेजारी त्यांनी पायाने खळगा केला, म्हशीला पाणी दाखवून उरलेलं बादलीतलं पाणी त्यात ओतलं आणि आत भाकरी थापायला गेल्या. पेटी त्यांच्या ओसरीच्या आढ्याला बांधली. एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाने फोन केला. पेटीत चिमण्यांनी गवत भरलं होतं, आणि पुलाखालची वाटी काठापर्यंत आली होती.