विहारातला जुना संगणक भंगारात घालू नका

कळवणच्या आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत दानात मिळालेला एक जुना संगणक आहे. मेमरी अवघी २ जीबी. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा आम्ही त्यावर डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली बसवली. पण यंत्र रखडतच चाले. कमिटीत विषय निघाला, 'भंगारवाल्याला देऊन टाका.' ज्यांच्या घरी संगणक नाही त्या मुलामुलींनी मग कुठे जायचे?

चूक आमची होती. लिनक्समध्ये मूळ प्रणाली वेगळी आणि पडद्यावरची मांडणी, म्हणजे मेनू, पट्टी, खिडक्या, वेगळी. या मांडणीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि ती बदलता येते. आम्ही ग्नोम ही जड मांडणी घेऊन बसलो होतो.

अशा मांडण्या अनेक आहेत. त्यांतल्या केडीईची घोषणा मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केली. (नागपूरच्या धम्मदीक्षेला त्याच दिवशी ४० वर्षे झाली होती. योगायोगच, पण तारीख विसरत नाही.) केडीई ज्या क्यूटी या साधनावर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेडेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केले. अट मान्य नसेल तर आपले वेगळे घर बांधावे, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

आम्ही एक्सएफसीई ही हलकी मांडणी उतरवून घेतली. तिलाही पैसे पडत नाहीत. मग हातातले काम जतन करून लॉग आऊट केले. प्रवेशाच्या पडद्यावर नाव निवडले की कोपऱ्यात दातेरी चक्र दिसते; त्यातून एक्सएफसीई निवडून पासवर्ड दिला. झाले.

पडदा बदललेला पाहून बारावीतली एक मुलगी रडकुंडीला आली. "काका, माझ्या नोट्स गेल्या!" तिला होम फोल्डर उघडून दाखवले. सगळ्या फाईली जागच्या जागी होत्या. मांडणी बदलली तरी फाईलींना धक्का लागत नाही. पडद्याचे चित्र, पट्टी, शॉर्टकट मात्र नव्याने लावावे लागतात, आणि मेनूत दोन्ही मांडण्यांची साधने एकत्र दिसून थोडा गोंधळ होतो.

खरा त्रास मराठी टंकलेखनाने दिला. ग्नोममध्ये लावलेला मराठी कळफलक इकडे आलाच नाही. तो कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पुन्हा जोडण्यात आमची एक संध्याकाळ गेली. जे कोणी हा बदल करतील त्यांनी हे काम आधी उरकावे, मुलांना नंतर बसवावे.

आता भंगाराचा विषय कमिटीत निघत नाही. एका मुलाला मात्र ग्नोमच आवडते. तो लॉग आऊट करून तेच निवडतो, आणि त्याच्यानंतर बसणारा चक्र न पाहताच आत शिरतो व आमच्या नावाने ओरडतो.