दुकान गिऱ्हाइकाच्या तळहातावर



हापूसचा हंगाम म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा खेळ. वर्षभर कलमे राखायची, मोहोर जपायचा, आणि अढीतले फळ तयार झाले की चार दिवसांत गिऱ्हाईक गाठायचे. मधला दलाल टाळून पेटी थेट मुंबई-पुण्याच्या घरी पोचवावी, म्हणून पुष्कळ बागायतदारांनी आपली वेबसाइट केली आहे. चांगलेच झाले. पण ती तुम्ही फोनवर उघडून पाहिली आहे काय?

आम्ही पाहिली नव्हती. करून देणाऱ्याने ती संगणकाच्या मोठ्या पडद्यावर दाखवली आणि आम्ही खूश झालो. हंगाम सुरू झाला, तरी मागणी येईना. अखेर डोंबिवलीच्या भाचीचा फोन आला, "मामा, लोकलमध्ये उभी आहे. तुमचे फोटो काही उतरत नाहीत, आणि भाव वाचायला भिंग लागेल!" तेव्हा उमजले. गिऱ्हाईक एका हाताने कडी धरून उभे असते, दुसऱ्या हातात फोन. आपण दुकान मांडले होते टेबलावर! तोवर निम्मा आंबा दलालाकडे गेला होता.

पाणी ज्या वाफ्यात सोडावे त्या वाफ्याचा आकार घेते. वेबसाइटचे पानही तसेच हवे. ही रीत इथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने मे २०१० मध्ये एका लेखात मांडली. फोनसाठी वेगळी साइट नको. एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलते. पुढे २१ एप्रिल २०१५ पासून गूगलनेही फोनवरच्या शोधात अशा पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली.

साइट करून देणाऱ्याकडून एवढ्या गोष्टी मागून घ्याच.

पहिली गोष्ट रुंदीची. 'पानाची रुंदी फोनच्या पडद्याएवढी धर' असे सांगणारी एक ओळ पानाच्या माथ्याशी लिहावी लागते. ती नसली तर फोन ते पान संगणकाएवढे रुंद समजतो आणि आक्रसून मुंगीएवढे दाखवतो.

दुसरी गोष्ट फोटोंची. मोबाईलने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. असे १० लावले की झाले ४० एमबी. रेंज कमी असेल, सेकंदाला पाव एमबीच उतरत असेल, तर १६० सेकंद लागतील. इतका वेळ कोण थांबतो? तेच फोटो लहान करून प्रत्येकी १५० केबीचे केले, तर ६ सेकंदांत काम होते.

तिसरी गोष्ट अक्षरांची. भावपत्रकाचा फोटो लावू नका; भाव अक्षरांत लिहा. तो रोज बदलताही येतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. छापखान्याच्या जुन्या फॉण्टातले मराठी फोनवर गिचमीड दिसते.

चौथी गोष्ट बोटांची. बटण निदान ९ मिलिमीटरचे असावे आणि दोन बटणांत अंतर असावे. तुमच्या नंबरावर बोट ठेवताच फोन लागला पाहिजे. मागणीच्या अर्जात नाव, मोबाईल, पत्ता आणि किती पेट्या, एवढेच विचारा. मोबाईलच्या रकान्यात अंकांचाच कळफलक उघडला पाहिजे.

हे सारे झाले की परीक्षा घ्या, आणि ती घरच्या आजीकडून घ्या. घरातला सर्वांत साधा फोन तिच्या हाती द्या. रेंज कमी असेल अशा जागी बसवा आणि तीन कामे सांगा: पेटीचा भाव शोध, आम्हाला फोन लाव, एक पेटी मागव. शेजारी बसा, पण सांगू नका. आजी जिथे अडेल, तिथेच तुमचे गिऱ्हाईक अडते आहे, हे पक्के समजा.

आमची आजी दोन ठिकाणी अडली. ती दोन्ही ठिकाणे दुरुस्त केली. पुढच्या हंगामात भाचीने लोकलमधूनच पेटी मागवली, आणि डब्यातल्या मैत्रिणींनीही.

मोहोर येण्याआधी हे काम उरका. आंबा पिकल्यावर सवड मिळत नाही.